दंडाची पावती

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला नाही तर मला चैन पडत नाही, लग्नात पंगतीऐवजी हातात ताटली घेऊन रांगेत उभं राहायची वेळ आली की माझी भूकच अर्धी होते, आणि गेली चाळीस वर्षं माझं मत एकाच पक्षाला पडत आलंय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पलीकडच्या गोटातला कुणी साळसूदपणे उपदेश करतोय असं वाटायला नको. बोलायचंय ते आपल्याच घरातल्या लोकांशी.

आमच्याकडे एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली जायची. १९०४ साली बडोदा संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. बाराव्या वर्षाच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही, केलं तर दंड. माझ्या पणजोबांनी मुलीला नवव्या वर्षी उजवली, कचेरीत जाऊन दंड मोजला आणि पावती नीट घडी करून घरी आणली. धर्मही राखला आणि सरकारचं देणंही ठेवलं नाही, असं ते ऐटीत सांगत म्हणे. ते काही एकटे नव्हते. असे दंड भरणारे संस्थानात ढिगानं निघाले.

ती मुलगी, माझ्या आजोबांची बहीण, सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. त्यानंतर उभा जन्म तिनं आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत काढला. हा भाग मात्र गोष्टीत कधी नसायचा. मला तो आईनं सांगितला, तोही मी पन्नाशीला आल्यावर. पावती पणजोबांच्या नावाची होती. दंड भरला तिनं.

आज आपण बडोद्याची मराठी माणसं सयाजीराव महाराजांचं नाव घेताना छाती फुगवतो. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ साली तो सगळ्या संस्थानात, १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलावून उभी केलेली ग्रंथालयं, सगळं तोंडपाठ असतं. पण महाराज हे करत होते तेव्हा नाकं मुरडणारे कोण होते? माझे पणजोबा होते. तुमचेही असतील. आज आपण जे 'आपलं जुनं बडोदं' म्हणून जपतो, ते त्या काळी आपल्याच माणसांना नको असलेलं नवं होतं. म्हणून मी जुन्याचा कैवार सोडलेला नाही, सोडणारही नाही. फक्त कुठलीही रीत राखताना एवढं बघतो, की तिची किंमत कोण मोजतंय. मोजणारा मी असेन तर रीत खुशाल राखावी. मागच्या खोलीतलं कुणी मोजत असेल तर तिला परंपरा म्हणायची मला लाज वाटते.

या बाबतीत आपल्या शहराचा एक प्रसंग फार बोलका आहे. महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं. करारानुसार ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले. राज्यानं पद दिलं, पगार दिला, राहायला घर मात्र शहरात कुणी दिलं नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना तिथून बाहेर काढलं. ओळखीच्यांकडे विचारून झालं, तिथंही जागा मिळाली नाही. कमाटीबागेत ते काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघून गेले. राजा सुधारक होता, कायदे चांगले होते, तिजोरीही उदार होती. शहर कमी पडलं ते घराच्या उंबऱ्यावर.

माझ्यासारख्या जुन्या माणसाचा एक आवडता सिद्धांत असतो: नीती सरकारनं शिकवायची नसते, ती घरात शिकायची असते. मला आजही तो पटतो. पण मग घराचा हिशेबही आपल्यालाच द्यावा लागेल, आणि तो देताना माझी मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या दोन खोल्या बघायला एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही शिकलेले, नोकरीवाले, बोलायला नम्र. खोल्या त्यांना आवडल्या. मी आडनाव विचारलं आणि मग म्हणालो, "अहो, कालच एकांना शब्द दिलाय." कुणालाही शब्द दिलेला नव्हता. त्या दोघांनी वाद घातला नाही, 'बरं काका' म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांना तो 'कालचा शब्द' सवयीचा होता, हे मला त्यांच्या उतरण्यावरून कळलं. त्या आठवड्यात मी दोनदा कमाटीबागेत फिरायला गेलो आणि दोन्ही वेळा लवकर घरी आलो.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच भरपूर बोलतात. २०२१ साली आपण महापालिकेतल्या ७६ पैकी ६९ जागा एकाच पक्षाला दिल्या. त्यात माझंही मत आहे, त्याचा पश्चात्ताप नाही. पण विरोधक इतके थोडे असले की विरोधकाचं काम मतदारानंच करायचं असतं. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा आम्ही ओट्यावर उभे राहून सरकारला शिव्या दिल्या. नदीच्या काठावर भराव पडत होते, बांधकामं चढत होती, तेव्हा यातल्या किती जणांनी नगरसेवकाला एक पत्र लिहिलं होतं? मी नव्हतं लिहिलं. आपला माणूस आहे, त्याला अडचणीत कशाला आणायचं, असा विचार केला. आपल्या माणसाला आपण नाही विचारायचं तर कुणी? जुनी देवळं, जुने दरवाजे जपायला आपण पुढे असतो, आणि नदी तर त्या सगळ्यांहून जुनी आहे.

तीच गोष्ट आपल्या संस्थांची. वार्षिक सभेला जेवण असलं तर खुर्च्या कमी पडतात, नुसते हिशेब असले तर गणसंख्येअभावी सभा तहकूब होते. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरते आणि सात जणांत सगळं मंजूर होतं. सभा आटोपल्यावर शेव-उसळीच्या गाडीवर जाऊन 'मराठी संस्था बुडाल्या हो' म्हणत तर्री वाढवून घेणाऱ्यांत मीही असतो. तर्री उत्तम असते, तक्रार पोकळ असते. भाषेचीही काळजी आपण करतो ती अशीच. महाराजांची घरची भाषा मराठी, पण प्रजेची गुजराती म्हणून त्यांनी कारभार गुजरातीत चालवला. त्यानं मराठी बुडाली नाही. नातवाशी आपण इंग्रजीत बोलायला लागलो, त्यानं मात्र बुडेल.

तर माझं मागणं थोडकं आहे. ज्या संस्थेचे तुम्ही सभासद आहात तिचा ताळेबंद या वर्षी स्वतः वाचा आणि न कळलेल्या एका आकड्याबद्दल सभेत उभं राहून विचारा. ज्याला मत दिलंत त्या नगरसेवकाला नदीबद्दल एक पत्र लिहा, खाली सही करा, पोच घ्या. आणि तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल तर भाडं, अनामत आणि वेळेवर पैसे देण्याची ऐपत, एवढंच विचारा.

आमच्या वरच्या दोन खोल्या गेल्या दिवाळीपासून रिकाम्या आहेत. फाटकावर पाटी लावलीय. घराण्याचं आडनाव सांगणारा पणजोबांच्या वेळचा फलक काढून मी तिथंच ती अडकवलीय, कारण खिळा तो एकच मजबूत होता.