मुलींची सुट्टी कुठे जाते?

मैत्रिणींनो, एप्रिल संपता संपता परीक्षा उरकतात आणि आमच्या कुंभारीत मुलग्यांना सुट्टी लागते. मुलींची नुसती शाळा बंद होते. मुलगा सकाळी बॅट घेऊन बाहेर पडतो तो दुपारी जेवायलाच उगवतो. त्याच घरातली, त्याच्याहून वर्षा-दीड वर्षाने मोठी बहीण आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधलेली तेंदूची पानं सोडते आणि पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायला बसते. आई वळते, लेक पानं कापते, शिरा काढते, वळलेल्या विड्यांची तोंडं मोडते. शाळा चालू असली की हे काम शाळेच्या आधी आणि नंतर. मे महिन्यात मात्र दिवसभर. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, आणि स्वयंपाक, पाणी, धुणं सांभाळून एकट्या बाईच्या हातून रोज हजार विड्या होणं फार अवघड. कारखान्याच्या वहीत नाव एका बाईचं, हात दोघी-तिघींचे.

मी स्वतः विडी कामगाराची मुलगी आहे, त्यामुळे हे कुणाकडून ऐकून लिहीत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना बंदी असलेल्या कामांच्या यादीत विडी वळणं घातलं होतं. पण घरच्या माणसांच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला त्याच कायद्यात सूट ठेवली होती. म्हणजे काम तेच, पान तेच, जर्दा तोच, पण उंबऱ्याच्या आत ते काम उरत नाही, ‘आईला मदत’ होते.

हे सगळं आठवायचं कारण एक सहल. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेने आमच्या वसाहतीतल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी हिमालयातल्या पदभ्रमणाच्या काही जागा निम्म्या पैशात देऊ केल्या. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून बसने कुलू जिल्ह्यातलं कसोल. तिथे तळावर दोन दिवस सराव, मग पाठीवर सॅक घेऊन ग्रहण गावावरून मुक्काम करत करत वर, आणि १३,८०० फुटांवरची सारपास खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. खिंडीचा दिवस मध्यरात्र उलटल्यावरच सुरू होतो, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. आमच्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर असतो, त्याच दिवसांत तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. पोरं ऐकूनच खुळावली. मुलीही खुळावल्या. आठवड्याभरात मुलग्यांचे सगळे अर्ज भरून झाले. मुलींचा एकही नाही.

मी घरोघर गेले. पहिल्या फेरीत जी उत्तरं मिळाली ती तुम्हां सगळ्यांना पाठ असतील. पोरीची जात नाजूक. एवढं ओझं कसं उचलेल? सॅकचं वजन आठ-दहा किलो. पाणी भरून डोक्यावर घेतलेला हंडा याहून जड असतो आणि तो दिवसातून किती वेळा येतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हंडा पेलताना मुलगी दणकट असते, पाठीवर सॅक आली की ती नाजूक होते. दुसरं उत्तर पाळीचं. तिथे वाटेत पाळी आली तर? आली तर घडी बदलायची, वापरलेली कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायची, तळावर परत आणायची आणि चालत राहायचं. पाळीच्या दिवसांत पान कापायला सुट्टी दिलेलं घर मला अजून दिसलेलं नाही. देवाला शिवायचं नाही, तंबाखूच्या सुपाला शिवलेलं चालतं.

तिसरं उत्तर लोकांचं. लोक काय म्हणतील? यावर मी वाद घालत नाही, कारण हे उत्तर खोटं असतं. खरं उत्तर चौथ्या-पाचव्या चहानंतर मिळतं. एका घरात ते मला एका बाईने सरळ सांगितलं, आणि तिच्या सरळपणाबद्दल मला तिचा आदर वाटतो. ती म्हणाली, “ताई, पाठवते की पोरीला. बारा दिवस पान कोण कापणार, तेवढं सांगा.”

मैत्रिणींनो, भांडण आहे ते इथे. अब्रू, नाजूकपणा, पाळी, रानातली भुतं, हे सगळे या एका प्रश्नावर टाकलेले पडदे आहेत. मुलीची सुट्टी घराने आधीच खर्चून टाकलेली असते. तिच्या बारा दिवसांवर रेशन, गॅसची टाकी आणि भावाच्या शिकवणीची फी उभी असते. मुलग्याच्या बारा दिवसांवर काहीच उभं नसतं, म्हणून तो मोकळा. याला त्याचं धाडस म्हणू नका. तो डोंगरावर जाऊ शकतो कारण खाली त्याच्या वाटणीचं काम बहीण करते आहे.

आता त्या संस्थेबद्दल. गरिबांच्या मुलांना निम्म्या पैशात नेणारी माणसं वाईट नसतात, हे मी मान्य करते. पण त्यांचा अर्ज बघा. मुलग्यासाठी पालकाची एक सही. मुलीसाठी जास्तीचा कागद : माझ्या मुलीच्या वर्तनाची सर्व जबाबदारी माझी राहील. खाली सही वडिलांची, आईची चालणार नाही. मुलग्याच्या वर्तनाची जबाबदारी कुणाची, ते अर्जात नव्हतं. त्याला बहुधा वर्तन नसतं. आणि हा कागद कुठे आला? २००६ साली दहा हजार घरं उभी राहिली त्या वसाहतीत, जिच्या गृहनिर्माण संस्थेच्या नावातच ‘महिला विडी कामगार’ हे शब्द आहेत. घर मिळवण्यासाठी मोर्च्यांत उन्हातान्हात चालल्या त्या बाया, हप्ते फेडले विड्या वळून, आणि लेकीला डोंगर दाखवायचा तर त्या बाईची सही चालत नाही. मी त्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसले. दोन तासांनी ‘वडील’ खोडून ‘आई किंवा वडील’ झालं. वर्तनाचा कागद मात्र राहिला. त्यांच्या मते तो ‘मुलींच्याच हिताचा’ होता.

या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं. पुण्याच्या सुखवस्तू घरातली ही बाई १९४५ मध्ये वारल्यांच्या लढ्यात उंबरगाव-डहाणूच्या जंगलपाड्यांतून पायी हिंडली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी ते दिवस लिहिले आहेत. त्यांच्याकडून वर्तनाचा कागद भरून घेतला असता, तर वारल्यांची वेठ आणखी किती वर्षं चालली असती कोण जाणे.

डोंगर आणि बाई म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, हिरकणी. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून गवळण अंधारात कडा उतरली. शाळेत ही गोष्ट आपण सगळ्याच शिकलो. पण तिच्या उतरण्याला दाद मिळते ती बाळामुळे. तीच बाई, तोच कडा, आणि ती केवळ स्वतःच्या पायांची ताकद बघायची म्हणून उतरली असती, तर बुरुजाला तिचं नाव मिळालं असतं का? आईपणाच्या परवान्यावर बाईने काहीही करावं. परवान्याशिवाय केलं की तो उंडारपणा.

मला हिरकणीपेक्षा कळसूबाई जवळची वाटते. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि त्यावर देऊळ आहे ते एका कामवालीचं. अकोले तालुक्यातल्या बारी गावाकडची लोकं सांगतात की कळसू ही कोळ्याची मुलगी. पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे फार झाले आणि तिला तीच कामं करायला लावली. तिने ती केली, काम सोडलं आणि डोंगरावर निघून गेली, ती पुन्हा खाली आली नाही. कथेत बाळ नाही, नवरा नाही. कामाची अट मोडली म्हणून वर गेलेली एक मजूर बाई आहे. आज लोक लोखंडी शिड्या चढून तिच्या पाया पडायला जातात. नवरात्रात जत्रा भरते. अट मात्र कुणाच्या लक्षात नाही.

आपल्यातल्याच काही जणी मला म्हणाल्या, किमान वेतनाची लढाई बाकी असताना हे हिमालयाचं काय काढलंस? ही मध्यमवर्गाची चैन आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो आपल्या माणसांचा आहे. पण चैन म्हणजे काय? ज्या गोष्टीतून काही मिळवून आणायचं नसतं, ती. आपण मुलींसाठी जे जे मागतो ते कशासाठी तरी असतं. शिक्षण नोकरीसाठी किंवा पुढची पिढी सुधारावी म्हणून, आरोग्य बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, कराटे छेडछाड थांबावी म्हणून. सरकारची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, तीही शिक्षणापुरती. मुलीला नुसतंच मोकळं चालू द्यावं, दमेपर्यंत चालावं आणि दमल्यावर तिच्यापुढे कुणीतरी चहा आणून ठेवावा, ही मागणी आपल्या कुठल्याच पत्रकात नाही. माझं म्हणणं आहे की ती असावी, आणि वेतनाच्या मागणीच्या शेजारीच असावी. दर हजारी मजुरी बाईला एकटीच्या बळावर घर चालवता येईल इतकी असती, तर पान कोण कापणार हा प्रश्न आलाच नसता.

काही वर्तमानपत्रवाले या वादात लगेच उदाहरणं देतात. बघा, पूर्णा मालावत! निजामाबाद जिल्ह्यातल्या शेतमजुराची लेक, २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली तेव्हा वय १३ वर्षं ११ महिने. आमच्याकडे तिचं कौतुक जरा जास्तच, कारण इथल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात आणि आजोबा-पणजोबा त्याच मुलखातून सोलापूरच्या मागावर आलेले. आपल्या चंद्रपूरचंही उदाहरण आहे. २०१८ च्या ‘मिशन शौर्य’मध्ये आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे ही एकटी मुलगी. या दोघींची जिद्द मोठीच. पण बातम्यांतून जिद्द तेवढी राहिली आणि व्यवस्था गाळली गेली. पूर्णा निवासी सरकारी शाळेत होती. तिचं प्रशिक्षण, कपडे, बूट, प्रवास हा सगळा खर्च सरकारने केला आणि ती वसतिगृहात असल्याने तिच्या सुट्टीवर घराचा हक्क आधीच कमी झालेला होता. एव्हरेस्टवर जाणारी एक मुलगी दाखवून बाकी हजारजणींना ‘तुमच्यातच दम नाही’ असं सांगणं सोपं आहे. आम्हाला एव्हरेस्ट नको. आमच्या साधारण मुलींना, ज्या धापा टाकतात, रडतात, ज्यांच्या टाचांना फोड येतात, त्यांना साधारण डोंगर हवा आहे.

डोंगरात धोका नाही असं मी आयांना सांगितलेलं नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रतालाच्या वाटेवर हवामान फिरलं आणि कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊजण दगावले. तेव्हा प्रश्न विचारलेच पाहिजेत. वाटाड्ये किती? त्यांना बर्फाचा अनुभव आहे का? हवा बिघडली तर मागे फिरायचं कोण ठरवणार? उंचीचा त्रास झालेल्या मुलीला खाली कोण आणणार, किती तासांत? गरम कपडे आणि बूट संस्थेचे की घरचे? त्या दोन वर्षांपूर्वीच्या पालकसभेत यांतला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. विचारलं ते एवढंच, की मुलींचे तंबू मुलांच्या तंबूंपासून किती लांब. मुलीला बर्फापासून धोका असतो हे घराला सुचतच नाही, धोका फक्त मुलग्यापासून असतो. मग त्या मुलग्याला का पाठवता?

शेवटी दोघी गेल्या. एकीच्या घरी मावशी येऊन पान कापत बसली, दुसरीच्या आईने बारा दिवसांची मजुरी कमी घेतली. म्हणजे दोन्हीकडे भरपाई बायांनीच केली, याचं मला सुख नाही. ज्या भावाने कधी कात्रीला हात लावला नाही तो त्याच सहलीत बहिणीबरोबर बर्फावरून घसरत खाली आला. परतल्यावर एकीने मला सांगितलं की तिला सगळ्यात नवल वाटलं ते डोंगराचं नाही. मुक्कामावर पोचल्यावर ती सवयीने ताटं धुवायला उठली, तेव्हा म्होरक्या म्हणाला, “बस, ज्याचं त्याने धुवायचं आहे.” आणि चौदा मुलगे आपापलं ताट घेऊन थंडगार पाण्यापाशी रांगेत उभे होते.

येत्या उन्हाळ्यासाठी आम्ही फेब्रुवारीपासूनच गल्लीगल्लीत बैठका घेणार आहोत. अर्ज वाटायच्या आधी प्रत्येक घरात एकच गोष्ट कागदावर लिहून घ्यायची : मुलगी गेल्यावर बारा दिवस पान कोण कापणार, त्याचं नाव. मावशी, आजी, शेजारीण ही नावं घेणार नाही. आतापर्यंत तीन घरांत विचारून झालं. दोन घरांत भाऊ उठून बाहेर गेले. तिसऱ्या घरातला नववीतला मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग आईला म्हणाला, “अम्मा, कात्री कशी धरायची ते दाखव.”