अधिकारी वाचकाचा प्रश्न

मराठी समीक्षेत एक निवाडा फार स्वस्त झाला आहे. एखादा इंग्रज कादंबरीकार मराठी वाचकाला विशीत भिडला नाही, म्हणजे तो ‘आपला’ नव्हेच. आणि पंचेचाळिशीत तो आवडू लागला, तर ते वासाहतिक संस्काराचे उशिरा उमटलेले वळ समजावेत, असा हा निवाडा. भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची मांडणी याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. तिच्या घोषणा करणाऱ्यांना मात्र ती सूक्ष्मता परवडत नाही.

जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या निवाड्याच्या कसोटीला लावून पाहावी. पनवेल तालुक्यातील आपट्यासारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला अशी कादंबरी भेटलीच, तर बहुधा गाइडमधील कथासारातून भेटते. डोरोथिया नावाची तरुणी कॅसॉबन नावाच्या प्रौढ पंडिताशी लग्न करून दुःखी होते, एवढेच त्यात उरते. ‘संगीत शारदा’ (१८९९) ठाऊक असलेल्याला भुजंगनाथ चटकन ओळखू येतो आणि वाचन तिथेच थांबते. विशीतल्या वाचकाला दोष देण्याचे कारण नाही. त्या वयात भुजंगनाथच दिसायचा. परंतु एलियट पुढे एका प्रकरणाच्या आरंभी डोरोथियाविषयी बोलता बोलता स्वतःलाच अडवते, नेहमी तिचीच बाजू का, असे विचारते आणि कॅसॉबनच्या अंतरंगाकडे वळते. तिथे दिसतो तो टिपणांच्या ढिगाखाली दबलेला, आपला महाग्रंथ पुरा होईल की नाही या शंकेने पोखरलेला माणूस. (प्रबंधांचे गठ्ठे सांभाळणाऱ्या आपल्या विद्यापीठांत तो परका ठरावा, हे नवलच!) दृष्टीचे हे पालटणे हाच कादंबरीचा गाभा आहे, आणि तो कथासारात येऊच शकत नाही.

छप्पन्नावे प्रकरण तर आपट्याच्या वाचकाने मुद्दाम वाचावे. रेल्वेच्या मोजणीसाठी आलेल्या माणसांवर शेतमजूर गवताची दाताळी घेऊन धावून जातात. जमीनजुमल्याची देखरेख करणारा सज्जन केलेब गार्थ त्यांना रेल्वेचे फायदे समजावू पाहतो, तेव्हा टिमथी कूपर हा म्हातारा त्याला सुनावतो की लढाया झाल्या, कालवे झाले, राजे बदलले, गरीब होता तिथेच राहिला. गार्थविषयी लेखिकेला आदर आहे, तरी ती म्हाताऱ्याला खोडून काढत नाही. पनवेलहून आपट्यापर्यंत रेल्वे १९६५ साली आली. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणच्या पट्ट्यात भूसंपादन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. हे पाहिलेला वाचक कूपरपाशी थबकतो, तेव्हा त्याच्या मनात इंग्रजी राज्याची कोणती ओढ जागी झालेली असते? त्याला स्वतःच्याच तालुक्याचा इतिहास आठवत असतो.

सहृदयाचे लक्षण सांगताना अभिनवगुप्ताने काव्याच्या अनुशीलनाने मनाचा आरसा निर्मळ होण्याची अट घातली आहे. म्हणजे सहृदय घडावा लागतो, आणि घडण्याला काळ लागतो. देशी काव्यशास्त्राचा अभिमान सांगणाऱ्यांनीच उशिरा आलेल्या आस्वादाला संशयित ठरवावे, हा विसंवाद कोणाला खुपत कसा नाही? व्हर्जिनिया वुल्फनेही १९१९ साली ही कादंबरी प्रौढांसाठी असल्याचा अभिप्राय दिला होता. स्वतः एलियट ललितलेखनाकडे वळली तीच उशिरा. तिची पहिली कथा १८५७ साली, ‘यमुनापर्यटन’च्याच वर्षी, प्रसिद्ध झाली, तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

या घाईच्या निवाड्याची झळ इंग्रज लेखिकेला लागत नाही. ती मराठी कादंबरीला लागते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चेही विद्यार्थ्याच्या हाती ‘केशवपनाचा प्रश्न’ एवढेच सार येते, आणि यमुना आयुष्यभर तिथेच गोठून राहते. तिलाही पंचेचाळिशीचा वाचक हवा आहे. तो तिच्याकडे परतला, तर त्याला मात्र कोणी वासाहतिक म्हणत नाही.