तारणाची तारीख

"तुमचं तारण कधी झालं?" हा प्रश्न हल्ली आमच्या प्रार्थनासभांत अगदी सहज विचारला जातो. जसं "लग्न कधी झालं", "रिटायर कधी झालात", तसंच! उत्तरात तारीख हवी असते. वार आणि वेळ सांगता आली तर उत्तमच. मला तारीख सांगता येत नाही. मी ख्रिस्ती घरातच जन्मले, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, संडेस्कूलची वचनं बाराखडीच्या आधी पाठ झाली. असं सांगितलं की बाहेरगावाहून आलेले तरुण प्रचारक "अच्छा..." म्हणतात आणि "आजी, तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणून पुढच्या माणसाकडे वळतात. प्रार्थनेला माझी काहीच हरकत नाही, मला ती हवीच आहे. पण त्या 'अच्छा'मागे जी समजूत आहे ती मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहायचं आहे.

इतकी वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दापासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही. 'तारण' हा शब्द संस्कृत 'तॄ' धातूवरून आला. तरणे म्हणजे पार होणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. म्हणजे शब्दातच नदी आहे, नाव आहे आणि नावाडी आहे. नावेत पाय कधी ठेवला ते एखाद्याला आठवत असेल, एखाद्याला आईने कडेवर घेऊन बसवलं असेल, त्याला आठवणार कसं? पण पाय ठेवला म्हणजे पैलतीर आला असं कोणी म्हणत नाही. मधलं पाणी असतंच, आणि नावाडी मधल्या पाण्यातही वल्हवत असतो. आपल्या साक्षींमध्ये (म्हणजे सभेत उठून जे अनुभव सांगतात ते) नेमकं हे मधलं पाणी गायब असतं. "मी असा होतो, अमुक दिवशी प्रभू भेटला, आता मी असा आहे. आमेन." मग पुढची तीस वर्षं कुठे गेली?

याच शब्दाचा दुसरा अर्थ आमच्याकडे प्रत्येक पतसंस्थेच्या पाटीवर वाचायला मिळतो, 'सोनेतारण कर्ज मिळेल'. एकदा पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, येशू आपल्याला बँकेत ठेवतो का?" सगळा वर्ग हसला. मी त्याला शाबासकी दिली, कारण पोरगा बरोबर जागी पोहोचला होता, फक्त दिशा उलटी होती. शास्त्रात ठिकठिकाणी सोडवून आणण्याची भाषा आहे. गहाण पडलेली जमीन जवळच्या नातलगाने सोडवावी असा नियम लेवीयच्या पुस्तकात आहे, आणि रूथच्या पुस्तकात बवाज हेच काम करतो. मार्काच्या शुभवर्तमानात तर 'खंडणी' हा शब्द येतो. (हल्ली खंडणी म्हटलं की पेपरातला गुन्हेगारीचा रकाना आठवतो, त्याला इलाज नाही!) आता विचार करा, पेरणीच्या वेळी गहाण ठेवलेल्या पाटल्या बाई दिवाळीला सोडवून आणते, त्या कशासाठी? घालायला ना? मग त्या भांडी घासताना वाजणार, झिजणार, त्यांना पोचे येणार. आपण मात्र पाटल्या सोडवल्याची पावती जपून ठेवतो आणि तिच्यावरची तारीख एकमेकांना दाखवतो.

बरं, ज्यांची तारीख पक्की आहे त्यांचं तरी पाहू. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारे जॉन न्यूटन मार्च १७४८ मध्ये समुद्रावर मोठ्या वादळात सापडले, देवाचा धावा केला आणि वाचले. तो दिवस ते जन्मभर पाळत असत. पण त्यानंतर ते काय करत होते? गुलामांची वाहतूक! १७५० ते १७५४ या काळात ते गुलामांच्या जहाजांवर कप्तान होते. समुद्र सोडला तोसुद्धा तब्येतीमुळे. पुढे पाळक झाले, १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी ते प्रसिद्ध गीत लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे पुस्तिका छापली ती १७८८ साली. वादळानंतर चाळीस वर्षांनी! त्या पुस्तिकेत त्यांनी आपला दोष लपवला नाही. आणि वादळानंतरही बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासणारे नव्हतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मग रकान्यात कोणती तारीख भरायची? देवाने त्या माणसाला १७४८ मध्ये धरलं हे मी मान्य करते. पण चाळीस वर्षं सोडलं नाही, हे मला त्याहून मोठं वाटतं. अर्थात त्या मधल्या काळात ज्यांना साखळ्या पडल्या त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि न्यूटन यांच्या गोड गोष्टी सांगताना आपण तो गिळतो.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आणि आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही हे त्यांना जाणवलं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. हे त्यांनी स्वतः साक्षीत सांगितलं आहे. इतक्या विदुषीने हे कबूल करावं याचं मला नेहमी कौतुक वाटतं. आणि त्यानंतरही त्या 'झालं' म्हणून बसल्या नाहीत. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर... १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत काम चालूच होतं. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती वाचावीत, माझी काही तक्रार नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत त्या बाईंचं सोवळं एकेक पायरी करत कसं सुटलं ते वाचताना वाटतं, देवाला घाई कसली ती नाहीच. आणि टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव? तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. लक्ष्मीबाईंनी तो लपवलाही नाही आणि त्याचं भांडवलही केलं नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती घरातली कृपा कशी दिसते ते त्या पुस्तकाइतकं कुठल्याच प्रवचनात सापडत नाही.

आता घरचं सांगते. नाव लिहीत नाही, नात्यातल्यांना कळेलच.

माझे एक चुलतदीर वर्कशॉपात फिटर होते. हात सोन्याचे, पण दारू. १९८६ साली एका संजीवन सभेत ते पुढे गेले, रडले, साक्ष दिली. मंडळीत आनंदीआनंद. चौदा महिने टिकलं. मग पुन्हा सुरू. पुन्हा पुढे गेले, पुन्हा साक्ष. तिसऱ्या वेळी मागच्या बाकांवरून हसल्याचा आवाज आला, चौथ्या वेळी ते उठलेच नाहीत. ज्या मंडळीने पहिल्या साक्षीला टाळ्या दिल्या तिला पुढे त्यांचं काय करावं हे कळत नव्हतं, कारण तारीख तर होऊन गेली होती!

पुढे १९९८ मध्ये शेजारच्या एका टेम्पोवाल्याने (मुसलमान गृहस्थ, स्वतः त्यातून बाहेर आलेले) त्यांना अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला नेलं. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन या दोन दारुड्यांनी सुरू केली. आमच्याकडे तिची बैठक एका शाळेच्या वर्गात भरायची. तिथे कोणी बायबल उघडत नव्हतं. तिथे त्यांना शिकवलं ते एवढंच, की जन्मभराचं वचन देऊ नका, फक्त आजचा दिवस पिऊ नका. आणि पडलात तर उद्या पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा.

भावजींनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, हा तर मान्ना!" निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे पाहा, रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतं मिळायचं. उद्यासाठी साठवून ठेवलं तर किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट. असं चाळीस वर्षं! देवाला एकदमच कोठार भरून देता आलं नसतं का? पण मग सकाळी उठून बाहेर कोण गेलं असतं?

भावजी नऊ वर्षं राहिले. मग मुलाच्या अपघातानंतर पुन्हा घसरले. पुन्हा त्या वर्गात जाऊन बसले, पुन्हा 'पहिला दिवस'. २०१६ मध्ये गेले तेव्हा सात महिने झाले होते. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर नात्यातले एक गृहस्थ मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "इतक्या वेळा पडलेला माणूस. तारणाची खात्री काय देणार?" जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी वाटली तर सांगा."

त्या गृहस्थांना मला एवढंच विचारायचं आहे की पेत्राचं काय? तीन वेळा नाकारलं ते आपण दर उत्तम शुक्रवारी ऐकतो. पण पुनरुत्थानानंतर, पेंटेकॉस्टनंतर, सगळं 'झाल्यावर' अंत्युखियात लोक काय म्हणतील या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. पंगतीतून उठणं म्हणजे काय हे आपल्या महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगायला नको. तरी त्याच्या नावाची देवळं जगभर आहेत. आणि कितीदा क्षमा करायची हे विचारणाराही तोच. सातदा का, म्हणाला. उत्तर मिळालं सत्तर गुणिले सात. आमच्या शाळेतली पोरं ४९० लिहून उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी झाली असती! काही मोठी माणसंही तेच करतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असं असेल तर मग काय, पाप करा, कृपा आहेच! पौलानेच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हा प्रश्न काढून ठामपणे नाही म्हटलं आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' म्हणून याच वृत्तीवर कोरडे ओढले, आणि १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण मला जे दिसलं ते लिहिते. ज्या माणसाला पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागतं त्याला कृपा स्वस्त वाटत नाही. स्वस्त ती त्याला वाटते ज्याने १९८६ ची पावती खिशात घातली आणि विषय संपवला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपल्या मंडळीत ती उलटी शिकवली जाते. कृपा म्हणजे बाईने सोसत राहावं असं नाही. जाऊबाई दोनदा मुलं घेऊन माहेरी गेल्या. दोन्ही वेळा मंडळीतल्या ज्येष्ठ बायांनी त्यांना 'क्षमा' या विषयावर ऐकवलं. माझ्या मते त्यांच्या भावाने दार उघडलं आणि सहा महिने एक शब्द विचारला नाही, ही देवाची कृपा होती. परत आल्यावर पगार स्वतःच्या हातात घेतला, ही अक्कलही देवानेच दिली. झाकून ठेवलेलं ताट होतं, तशी कपाटाला कुलूपही होतं. दोन्ही एकाच घरात, एकाच बाईने केलेलं.

असो. तक्रार करून थांबू नये म्हणून पाळकसाहेबांना एक सूचना केली आहे. महिन्यातून एका रविवारी साक्ष फक्त साठीच्या पुढच्यांनी द्यायची, आणि तीही फक्त गेल्या आठवड्याची. देव काल कुठे भेटला, परवा कोणावर चिडलात, कोणी सांभाळून घेतलं, एवढंच. जुनी तारीख सांगायची नाही. पाळकसाहेब "बघू" म्हणालेत. पंचमंडळात चर्चा होईल. मी पहिलं नाव जाऊबाईंचं सुचवलंय. त्या म्हणतात, माईकसमोर मला बोलता येत नाही, तुम्ही शेजारी उभ्या राहणार असाल तर बघते.