नोंदवहीतला परिसर

परिसर अभ्यासाच्या तासाला मुलं ग्रामपंचायतीची कामं घडाघडा म्हणतात. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, स्वच्छता. पण शाळेसमोरचा नळ चार दिवस कोरडा का, हे विचारायला कुठे जायचं, ते कुणालाच ठाऊक नसतं. पेपरात तो प्रश्न येत नाही ना!

2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला साठ टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प यांवर. कागदावर याहून चांगलं काय हवं? प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदी पाहा: ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो.’ हेच वाक्य हजेरीपटावरच्या प्रत्येक नावापुढे, मुलींसाठी तेवढं ‘सांगते’. प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेला चित्रतक्ता.

दोष एकट्या शिक्षकांचा नाही. ऑनलाइन माहिती भरण्यातच त्यांचा दिवस सरतो. तरीही एक गोष्ट जमण्यासारखी आहे: 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर अनेक गावांत ग्रामसभा भरते. चौथीच्या मुलांना तिथे तासभर बसवा. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, ते त्यांनाच सांगू द्या. मूल्यमापन तिथेच होतं.

तुमच्या वर्गातली अशी एखादी खरीखुरी नोंद आम्हाला पाठवा; पुढच्या अंकात छापू.