पणाला लागलेला वेळ

अंधेरीला गाडीत शिरून उभे राहण्यापुरती जागा मिळाली, की अनेक प्रवाशांचा अंगठा सरावाने मोबाइलवर फिरू लागतो. पडद्यावर सोंगट्यांचा ढीग रचलेला असतो. त्यातील मोकळ्या, सारख्या चित्रांच्या सोंगट्या जोडीजोडीने उचलत तो संपवायचा. सोबती लागत नाही, भांडण होत नाही, पैसाही जात नाही. मग अशा निरुपद्रवी करमणुकीची चिकित्सा करण्याचे कारण काय?

या खेळाचा उगम आदर वाटावा असाच आहे. चौघांनी खेळावयाच्या चिनी माहजाँगच्या 144 सोंगट्या घेऊन ब्रोडी लॉकार्ड यांनी 1981 साली अमेरिकेत संगणकावर हा एकट्याचा खेळ रचला. व्यायामपटू असलेले लॉकार्ड अपघाताने पांगळे झाले होते. तोंडात काठी धरून ते संगणकाच्या कळा दाबीत. त्यांच्या खेळात 72 जोड्या जुळल्या, की डाव संपत असे. कधी डाव अडे, तोही शेवटच होता.

आजच्या अनेक जुळवाजुळवीच्या खेळांतून नेमका हा शेवटच नाहीसा झाला आहे. 2012 साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’त एक पायरी ओलांडली की दुसरी समोर येते. ‘जीव’ संपले तर नव्या जिवासाठी अर्धा तास थांबावे, नाहीतर पैसे मोजावे. फुकट म्हणविणाऱ्या इतर खेळांत मधूनमधून जाहिराती येतात. खेळणाऱ्याने जितका अधिक काळ गुंतून राहावे, तितका मालकाचा लाभ अधिक, असा हा व्यवहार आहे.

कायद्याची दृष्टी मात्र पैशापाशी थांबते. मुंबईचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. संसदेने 2025 साली संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाईची तरतूद आहे. ती आवश्यकच होती. तथापि पैसा पणाला नाही म्हणून काहीच पणाला नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

चर्चगेट ते बोरिवली हे अंतर सुमारे 34 किलोमीटरचे. कचेरी आणि घर यांच्यामधला हा प्रवासच कित्येक कारकुनांना, शिक्षकांना दिवसाकाठी स्वतःचा म्हणून मिळणारा वेळ. त्या गर्दीत त्यांनी ग्रंथच वाचावेत, असा उपदेश करणे अन्यायाचे होईल. शिणलेल्या मनाला विसावा हवाच. परंतु घाटकोपरला सुरू झालेला डाव मुलुंडला उतरल्यावरही, जेवणाच्या पाटावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळीही चालू राहिला, तर त्याला विसावा म्हणता येणार नाही. आणि वडीलधाऱ्यांच्या हाती जे दिसते, तेच मुले उचलतात.

यावर बंदी हा उपाय नव्हे. किती वेळ गेला, हे पडद्यावर ठळकपणे दाखविण्याचे आणि ठरावीक काळानंतर खेळ थांबविण्याची सोय ठेवण्याचे बंधन निर्मात्यांवर घालता येईल. तोवर आपले स्टेशन आले की डाव मोडावा, एवढा निर्धार तरी प्रत्येकाच्या हाती आहे.