आधी एका वाफ्यात

"मावशी, सर्व्हर डाऊन हाय. दुपारनं या."

"मग माझं गंठण बी डाऊन झालं व्हय?"

निपाणीतल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर ऐकलेला हा संवाद. ऐन लग्नसराईतला सोमवार होता. मावशींच्या घरी दोन दिवसांवर हळद, गंठण सोनेतारणात अडकलेलं आणि ते सोडवायला लागणारे पैसे रुमालात बांधून आणलेले. क्लार्क मुलीच्या पडद्यावर एक चक्कर गोल गोल फिरत होतं, थांबायचं नाव नाही. बाजूच्या बाकड्यावर दोन पिग्मी एजंट आपापली यंत्रं मांडीवर घेऊन बसलेले. संस्थेचा सगळा हिशेब ज्या सर्व्हरवर राहतो तो कुठल्या गावात आहे, हे खुद्द व्यवस्थापकांनाही सांगता येत नव्हतं. शनिवारी रात्री कुणीतरी त्याच्यावर अपडेट चढवलं होतं, रविवारी कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि सोमवारी उघडून पाहतात तो सर्व्हर सुरू होतोय, पडतोय, पुन्हा सुरू होतोय.

व्यवस्थापक निवृत्तीला टेकलेले. त्यांनी विचारलं, "पावती आणलीसा?" मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांची पावती काढली. मग कपाटातून सोनेतारणाचं रजिस्टर निघालं, पावतीचा नंबर आणि दागिन्याचं वजन जुळवलं गेलं, आणि पावतीच्याच आकाराच्या कागदावर पेन्सिलीनं गणित मांडलं गेलं: रक्कम गुणिले दर गुणिले दिवस, भागिले छत्तीस हजार पाचशे. क्लार्क मुलगी बी.कॉम. झालेली, पण हे गणित कागदावर सुटताना तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मोबाईलवर तिनं ते पडताळलं. रुपयाला रुपया जुळला. वीस मिनिटांत गंठण मावशींच्या हातात. सर्व्हर उठला मंगळवारी संध्याकाळी.

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता आपल्याकडं मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांत सारखेच बोलले जातात. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, उताऱ्याची प्रिंट निघत नाही, खरेदीपत्राचा दस्त अडकतो. सगळ्याला कारण एकच. लोक ते पावसासारखं सोसतात. पण पाऊस कुणी पाठवत नाही. अपडेट मात्र कुणीतरी बटण दाबून पाठवलेलं असतं, आणि त्या बटणाबद्दलच आज लिहायचं आहे.

या प्रकारातला सगळ्यात मोठा दणका १९ जुलै २०२४ चा. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीनं आपल्या 'फाल्कन' सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाईल जगभर सोडली. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. चूक कळल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागं घेतली. मधली ७८ मिनिटं पुरेशी ठरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, म्हणजे निळा पडदा दाखवून बंद पडले. विंडोजवरच्या एकूण संगणकांच्या एक टक्काही नाहीत. पण त्यात विमानतळ होते, दवाखाने होते, बँका होत्या. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र, आणि आपल्याकडं ऐन कचेऱ्या उघडायची वेळ. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांचे प्रवासी देशभरातल्या विमानतळांवर तिष्ठत राहिले आणि हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो घरोघरच्या मोबाईलवर फिरले. (त्या सव्वा तासात जे संगणक बंद होते त्यांना काहीही झालं नाही. सकाळी लाईट जाण्याचा फायदा होऊ शकतो, हे सीमाभागाला त्या दिवशी कळायला हरकत नव्हती.)

चूक केवढी होती? फॉर्मवर एकवीस रकाने आणि हातात माहिती विसाचीच, एवढी. चाचणीत एकविसाव्या रकान्याला 'काहीही चालेल' असं सांगून ठेवलेलं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्यक्षात प्रोग्रॅम एकविसावी नोंद शोधायला गेला आणि आपलं घर सोडून शेजारच्या घरात हात घातला. हा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो आणि संगणक सुरू होतानाच जागा होतो. म्हणून बंद करून चालू करायचा आपला रामबाण उपायही बहुतेकांना लागू पडेना. चालू झाला की पुन्हा तेच.

उपाय मात्र शाळकरी पोरालाही जमेल असा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ठरावीक फोल्डर उघडायचं, 'सी'नंतर पाच शून्यं आणि २९१ असं नाव असलेली फाईल उडवायची. टेबलावरच्या संगणकाला पाच-दहा मिनिटं. अडचण होती ती टेबलच नसलेल्या संगणकांची, म्हणजे आभासी सर्व्हरची.

आभासी सर्व्हर म्हणजे काय, हे मी आमच्या घरी वाड्याच्या हिशेबानं सांगतो. वाडा एक, जोतं एक, आत दहा बिऱ्हाडं. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. खरं तर भिंती सगळ्या लाकडी फळ्यांच्या. एका मोठ्या यंत्रात असे अनेक सर्व्हर नांदतात, आणि ते यंत्र मुंबईत, हैदराबादेत किंवा सिंगापुरात असतं. अशा सर्व्हरला दाबायला बटण नाही, समोर कीबोर्ड नाही. तो निळा पडला की त्याची डिस्क, तीही आभासीच, काढून दुसऱ्या धडधाकट सर्व्हरला जोडायची, तिथून ती फाईल उडवायची, डिस्क परत पहिल्याला लावायची आणि देवाचं नाव घेऊन सुरू करायचा. असे शंभर सर्व्हर असले तर शंभर वेळा. मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडवाल्यांना आणखी एक उपाय सुचवला होता: पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून पाहा, काहींना पंधरा वेळा करावं लागलंय. एवढ्या मोठ्या कंपनीचा हा सल्ला वाचून मला आमच्या वायरमनची आठवण झाली.

माझा भाचा बेळगावात शिकून पुण्याला सर्व्हर सांभाळायचंच काम करतो. त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो सुटीला घरी आला आणि आईच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोनवर अडकला. डिस्कवर कुलूप असलं की ते उघडायला अठ्ठेचाळीस आकडी किल्ली लागते, सहा-सहाचे आठ गट. पलीकडचा माणूस आकडे टाईप करणार, हा वाचून दाखवणार. एक आकडा चुकला की तो गट पुन्हा. 'पाच, नऊ, शून्य, दोन... नाही, शून्य, दोन...' असं तासभर चालल्यावर शेजारच्या काकू बहिणीला हळूच विचारून गेल्या, "पोरगं मटक्याच्या नादाला लागलं काय गं?"

हे सगळं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १२ ऑगस्ट २००८ ला व्हीएमवेअरचं ताजं अपडेट लावलेल्या सर्व्हरवाल्यांना सकाळी कळलं की बंद असलेले आभासी सर्व्हर सुरूच होत नाहीत. चाचणीच्या काळापुरती घातलेली मुदत काढून टाकायची राहिली होती आणि त्या तारखेला ती संपली. कंपनीचे प्रमुख पॉल मॅरिट्झ यांनी माफी मागितली. दुरुस्ती येईपर्यंतचा उपाय काय, तर यंत्राचं घड्याळ मागं घ्या. परवाची तारीख लावा म्हणजे चालेल. मग जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मासिक अपडेटनं विंडोज सर्व्हरचा घोटाळा केला. काही सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत राहिले, काही ठिकाणी वाडाच उघडेना, मग बिऱ्हाडं कुठली उघडणार. अकरा तारखेला अपडेट, सतराला त्याच्यावर उतारा.

म्हणून अपडेटच नको, असं म्हणणारे शहाणे आपल्यात कमी नाहीत. एका ओळखीच्या संस्थेत 'अपडेट लावू नये' अशी चिठ्ठीच संगणकाला चिकटवलेली पाहिली आहे. त्यांना १२ मे २०१७ ची आठवण करून द्यावी लागते. त्या दिवशी 'वॉनाक्राय'नं जगभरच्या संगणकांना कुलपं घातली आणि खंडणी मागितली. त्यावरचं अपडेट मार्चच्या १४ तारखेलाच येऊन पडलं होतं. ज्यांनी ते दोन महिने लावलं नाही, ते सापडले. औषध घेतलं तर भीती, नाही घेतलं तर रोग, अशी ही गत आहे.

यातून वाट काढायला मला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही, निपाणीचा तंबाखूवाला पुरतो. दुकानदार नव्या औषधाची कितीही हमी देवो, तो ते सगळ्या रोपांवर एकदम मारत नाही. आधी एका वाफ्यात मारतो, चार दिवस पानं बघतो, मग बाकीच्यांकडं वळतो. पानं करपली तर नुकसान एका वाफ्याचं. सॉफ्टवेअरच्या धंद्यालाही हे माहीत आहे. क्राउडस्ट्राइकच्या अनेक ग्राहकांनी आपल्या परीनं ही काळजी घेतलीही होती. नवी आवृत्ती आली तरी आपण एक पायरी मागं राहायचं, अशी सोय त्यांनी लावून ठेवली होती. पण ती सोय मोठ्या आवृत्त्यांपुरती होती. त्या दिवशीची छोटी फाईल तिला न जुमानता सगळ्यांकडं एकाच वेळी गेली. सावध माणूसही त्यात सापडला, आणि माझा राग आहे तो या गोष्टीवर. असल्या फायली टप्प्याटप्प्यानं सोडू, ग्राहकाला त्यावर ताबा देऊ, हे कंपनीनं नंतर कबूल केलं. वाफ्याची अक्कल ८५ लाख संगणक करपल्यावर सुचली.

न विचारता वरून लागू होणाऱ्या गोष्टींचा अनुभव सीमाभागाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो ते कुणी आपल्याला 'ओके' दाबायला लावून नाही. त्याचा रोलबॅक २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. असो, तो विषय या स्तंभाचा नव्हे.

या स्तंभाचा विषय आहे तो आपल्या गल्लीतल्या संस्था. १९ जुलैनंतर रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की देशातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. बहुतेकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइकचं साधनही मोजक्याच बँका वापरत होत्या. म्हणजे आपण वाचलो ते मागं राहिल्यामुळं. लगेच ३१ जुलैला दुसरी गोष्ट घडली. सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीचा हल्ला झाला आणि तिच्या भरवशावर चालणाऱ्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका बऱ्याच, ऑनलाईन व्यवहार थांबवावे लागले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. तिथं अपडेटचा दोष नव्हता, पण रचना तीच: तीनशे वाडे, जोतं एक.

छोट्या संस्थेनं यात करायचं काय? मोठ्या कंपनीला धडा शिकवणं आपल्या हातात नाही, पण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला प्रश्न विचारणं आहे. अपडेट कधी चढवता? आमच्याआधी कुणावर चढवून बघता? शनिवारी रात्री का, मंगळवारी सकाळी का नाही, जेव्हा तुमचाही माणूस जागा असतो? चढवण्याआधी सर्व्हरची जशीच्या तशी प्रत काढून ठेवता का, आणि ती त्याच वाड्यात ठेवता की बाहेर? त्याच वाड्यातली प्रत वाड्याबरोबरच बंद पडते. वार्षिक सभेत लाभांश आणि चहा-चिवड्यावर तासभर बोलणाऱ्या सभासदांनी यातला एखादा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

निपाणीच्या त्या संस्थेत परवा पुन्हा गेलो होतो. व्यवस्थापकांनी दोन गोष्टी केल्या आहेत. दर शनिवारी संध्याकाळी सोनेतारणाची पूर्ण यादी छापून कपाटात ठेवतात. खाली क्लार्क मुलीची सही असते, आणि व्याजाचं गणित आता तिला हातानं येतं. दुसरं म्हणजे त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून सांगितलं, "तुमचं ते अपडेट आधी एखाद्या दुसऱ्या संस्थेवर चढवून बघा. बरं चाललं तर आमच्याकडं चार दिवसांनी लावा."

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, साहेब, तसं करता येत नाही. सगळ्यांना एकदमच जातं."

— सीमावासी