गोळी आपली, वावर मामाचं

दिवाळीच्या सुट्टीत मूर्तिजापूरला मामाकडे गेलो होतो. सोयाबीन निघालेलं, वावर रिकामं. धुऱ्यावर टँकर उभा आणि सेप्टिक टाकीतला काळा गाळ वावरात सोडणं चालू. मामा अनवाणी, हातात फावडं. मी नाक धरलं तर म्हणतात, "काहून बे? सोनखत हाय हे. युरियापेक्षा बरं!"

मामांचं अगदीच चूक नाही. गाळात नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब असतो. मातीतल्या जिवाणूंना तो खाऊच आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करून दाखवलं. पण ते कुजवून! टँकरमधून येतो तो कच्चा माल.

आता आपलं होस्टेल बघा. सर्दी झाली की घे अँटिबायोटिक. सर्दी विषाणूंची, तिच्यावर या गोळ्या चालत नाहीत, हे माहीत असूनही! दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या रूममेटला. पोटात गेलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा बराच भाग जसाच्या तसा बाहेर पडतो आणि टाकीतल्या गाळाला चिकटून बसतो. औषधाला दाद न देणारे जिवाणूही तिथेच जमतात. ही विद्या त्यांच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर, म्हणजे प्लाझमिडवर असते आणि ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देता येते. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या फायली फिरतात ना, तशीच! गाळातलं तांबं-जस्तही या प्रतिकाराला टिकून राहायला मदत करतं.

कोणी म्हणेल, मातीत प्रतिकार मुळातच असतो. खरं आहे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्याच जिवाणूपासून मिळालं. भीती आहे ती हा प्रतिकार रोगजंतूंच्या हाती लागण्याची. एनडीएम-१ हे प्रतिकाराचं जनुक २०११ च्या अभ्यासात दिल्लीच्या नळाच्या आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यातही सापडलं. ते दवाखान्याच्या भिंतीआड थांबलं नाही. मामांच्या वावरात आता हरभरा येईल, आणि ओले घाटे तर आपण धुऱ्यावर बसून कच्चेच खातो.

मग गाळ फेकून द्यायचा? मुळीच नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत गाळखताचा उघडा ढीग निदान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर ठेवून पाचदा उलथायला सांगितलं आहे. त्याने रोगजंतू मरतात. प्रतिकाराची जनुकं मात्र सगळीच जातात असं नाही आणि ते नियम ती मोजतही नाहीत. म्हणून सुरुवात गोळीपासूनच करावी लागेल. आपल्याकडे वाई आणि सिन्नरने टाक्या वेळापत्रकाप्रमाणे उपसून गाळावर प्रक्रिया सुरू केली. आपल्या होस्टेलची टाकी उपसल्यावर टँकर कुठे जातो, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलंय? सिव्हिलवाल्यांनो, प्रोजेक्टला विषय शोधताय ना? एक ढीग आणि एक थर्मामीटर एवढ्यावर सुरुवात होते.

गाडगेबाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं. बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत. आपण फ्लश ओढतो आणि समजतो, झालं साफ. मित्रांनो, साफ काही झालेलं नसतं. ते फक्त मामांच्या वावरात गेलेलं असतं.